नॉयर कथा कशी लिहावी: एका उभ्या रेघेपासून

विमा कंपनीच्या क्लेम्स विभागात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी नाशिकला. १९९४ च्या पावसाळ्यात माझ्या टेबलावर एक फाईल आली. पॉलिसीधारक पस्तिशीचा, मागे बायको आणि दोन मुली. हप्ते थकल्यामुळे पॉलिसी लॅप्स झाली होती. थकबाकी भरून आणि ‘माझी प्रकृती उत्तम आहे’ असा फॉर्म सही करून देऊन ती पुन्हा चालू करून घेतली होती. ज्या दिवशी चालू केली त्याच दिवशी माणूस गेला. पैसे कॅश काउंटरवर सकाळी पावणेअकराला भरलेले, आणि हॉस्पिटलच्या दाखल्यावर मृत्यूची वेळ १५.४०.

दाखला मी खिडकीशी नेऊन पाहिला. ५.४० निळ्या शाईत होतं. त्याच्या आधीचा एक, इंग्रजी आकड्यातला एक, म्हणजे नुसती उभी रेघ, ती काळसर निळ्या शाईत होती. फाईलच्या मागे स्मशानातली पावती टोचलेली होती. तिच्यावर वेळ होती दुपारी एक. कागदोपत्री तो माणूस मरायच्या दोन तास चाळीस मिनिटं आधी जळाला होता. म्हणजे तो पहाटेच गेला होता, पैसे भरण्याआधी.

रेघ मारली होती त्याच्या धाकट्या भावाने. एका दुकानात हिशेब लिहायचा. आकड्यात एक रेघ वाढली की काय होतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

नॉयर, म्हणजे काळ्या सुराची गुन्हेकथा. ती नेमकी काय असते, असं कोणी विचारलं की मला ती रेघ आठवते. पाऊस, पिस्तूल, सिगारेटचा धूर हे सगळं नंतरचं. आधी आपल्या कामात तरबेज असा एक माणूस लागतो. आपण करतोय ते काय आहे हे त्याला पुरतं ठाऊक असतं आणि तरी त्याचा हात पुढे होतो. नोकरीत असतानाच मी दिवाळी अंकांसाठी गुन्हेकथा लिहायला लागले होते, निवृत्तीनंतर जास्त लिहिल्या. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते. निमित्त माझ्या भाचीचं. पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती टेक्निशियन आहे. गेल्या दिवाळीत तिने मला एक कथा वाचायला दिली आणि म्हणाली, “मावशी, ही नॉयर आहे. खरं सांग, जमलीये का?”

जमली नव्हती. तिच्या कथेत मुसळधार पाऊस होता, लांब कोट घातलेला खाजगी डिटेक्टिव्ह होता, लाल लिपस्टिक लावलेली बाई होती आणि तीन प्रेतं होती. पण कोणाचंच काही पणाला लागलेलं नव्हतं. मी तिला म्हटलं, “तू रोज ज्या खुर्चीवर बसतेस, तिथून सुरुवात कर.”

आधी नावाचं थोडं सांगते, कारण त्यात एक उपयोगाची गोष्ट आहे. महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना तिथे अमेरिकी सिनेमे येत नव्हते. १९४६ च्या उन्हाळ्यात ते पॅरिसमध्ये एकदम लागले: ‘द माल्टीज फाल्कन’, ‘लॉरा’, ‘डबल इन्डेम्निटी’ आणि त्यांच्यासारखे आणखी काही. चार-पाच वर्षांत अमेरिकी सिनेमाचा रंग किती काळवंडलाय हे तिथल्या समीक्षकांना एका फटक्यात दिसलं. नीनो फ्रँक याने त्याच वर्षी ‘फिल्म नॉयर’ हे शब्द वापरले. नॉयर म्हणजे काळा. गालिमार या प्रकाशनाने आदल्याच वर्षी ‘सेरी नॉयर’ ही गुन्हेकथांची मालिका काढली होती, तोही सूर हवेत होताच. ज्यांनी हे सिनेमे काढले ते लोक मात्र त्यांना मेलोड्रामा म्हणत. म्हणजे ‘आपण नॉयर करतोय’ असं ठरवून त्यांच्यातला कोणीच बसला नव्हता. म्हणून तुम्हीही शैलीपासून सुरुवात करू नका.

आपला धंदा शोधा

डॅशिएल हॅमेट लेखक होण्याआधी पिंकर्टन या गुप्तहेर कंपनीत नोकरीला होता. त्याच्या कथांमधले डिटेक्टिव्ह ताटकळतात, खर्चाचा हिशेब ठेवतात, दमतात, कारण त्याने स्वतः ते केलं होतं. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्यावर माझ्या वडिलांच्या पिढीचा जीव होता, माझाही होता. पण रहस्यकथेत कोडं असतं आणि ते सुटलं की जग पुन्हा जागेवर येतं. नॉयरमध्ये गुन्हा कोणी केला हे आपल्याला बहुतेक वेळा आधीच माहीत असतं. गाठ सोडवायची नसते, ती कशी आवळत जाते ते पाहायचं असतं.

यासाठी मी प्रत्येकाला एकच सिनेमा बघायला सांगते: बिली वाइल्डरचा ‘डबल इन्डेम्निटी’, १९४४ चा. जेम्स केन याची ही कथा १९३६ मध्ये ‘लिबर्टी’ मासिकात क्रमशः आली होती. तिच्यामागे खरी घटना होती. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर या बाईने प्रियकराच्या मदतीने नवऱ्याला मारलं आणि त्याआधी त्याच्या नकळत त्याचा विमा उतरवला. पटकथा वाइल्डर आणि गुन्हेकथालेखक रेमंड चँडलर यांनी मिळून लिहिली.

‘डबल इन्डेम्निटी’ हे पॉलिसीतलं एक कलम आहे. आपल्याकडे ज्याला डबल अ‍ॅक्सिडेंट बेनिफिट म्हणतात त्याच घराण्यातलं: विशिष्ट प्रकारे अपघाती मृत्यू आला तर रक्कम दुप्पट. सिनेमात पन्नास हजार डॉलरची पॉलिसी आहे, आगगाडीच्या अपघातात मेला तर एक लाख. आगगाडीत मरणारे फार थोडे, म्हणून कंपनीला हे कलम परवडतं. वॉल्टर नेफ हा विमा एजंट आहे, त्यामुळे त्याला हे कलम माहीत आहे. फिलिस या विवाहित बाईशी त्याचं सूत जुळतं, आणि तिच्या नवऱ्याला मारायचं ठरलं की तो म्हणतो, आगगाडीतच मेला पाहिजे. कोणा परक्या गुंडाला हे सुचलंच नसतं. नवऱ्याची सही घेण्याचा प्रसंग बघा. गाडीच्या विम्याचे कागद म्हणून त्याच्यापुढे फॉर्म ठेवले जातात, दुसरी सही दुसऱ्या प्रतीवर म्हणून मागितली जाते, आणि न वाचता तो ती करतो. मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा पोटात गोळा आला. एजंटने दाखवलेल्या फुलीवर माणसं अशीच सही करतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

म्हणून पहिलं काम हे करा. तुमच्या नोकरीत, धंद्यात, घरकामात अशी कोणती जागा आहे जिथे एक आकडा, एक सही, एक किल्ली इकडची तिकडे झाली तर कोणाचं आयुष्य बदलेल आणि महिनाभर कोणाला पत्ता लागणार नाही? ती लिहून काढा. कोणाला दाखवू नका.

भाचीला हे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बारकोडचं स्टिकर.” रक्ताच्या नळीवर पेशंटचं स्टिकर लावतात. ते दोन प्रतींत निघतं, एक नळीवर, एक कागदावर. मोठी पॉलिसी घेण्याआधी वैद्यकीय तपासणी होते, तेव्हा शुगर वाढलेला माणूस आपल्या जागी दुसऱ्याचं रक्त जाऊ दे म्हणून किती पैसे मोजेल? ओलं बोट लागलं की स्टिकरचा कोपरा सुटतो, आणि नखाने हळू सोललं तर फाटत नाही. हे तिला माहीत आहे, मला नव्हतं. तिची कथा तिथे सुरू झाली.

शेवट आधीच सांगून टाका

सिनेमाच्या सुरुवातीलाच नेफ खांद्यात गोळी घेऊन रात्री ऑफिसात येतो आणि डिक्टाफोनवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, कबुलीजबाब द्यायला लागतो. खून मी केला. पैशासाठी केला आणि बाईसाठी केला. दोन्ही मिळालं नाही. पहिल्या काही मिनिटांत एवढं सांगून झाल्यावर मागे काय उरतं? सगळं उरतं. पुढच्या प्रत्येक प्रसंगात, जिथे तो हसतो, चाल खेळतो, स्वतःवर खूष होतो, तिथे आपल्याला त्या रक्ताळलेल्या खांद्याची आठवण असते.

याला एक व्यावहारिक कारणही होतं. १९३४ पासून हॉलिवूडची स्वतःची नियमावली कडक पाळली जात होती आणि गुन्हेगाराला शिक्षा झालेली दाखवावीच लागे. तो सुटेल का, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनातून तसाही गेलेला असायचा. चांगल्या लोकांनी त्या बंधनातून ताकद काढली आणि तो कसा बुडत जातो याकडे आपलं लक्ष वळवलं.

कबुली कोणापुढे द्यायची हे मात्र नीट ठरवा. नेफ पोलिसांना सांगत नाही. क्लेम्स मॅनेजर बार्टन कीज याला सांगतो, ज्याचा त्याच्यावर जीव आहे. मराठीत याचा फार फायदा घेता येतो, कारण आपल्याकडे संबोधन बदललं की नातं बदलतं. तुमचा माणूस ‘साहेब’ म्हणून सुरू करतो, मध्येच ‘तुम्ही’ एकटंच उरतं, आणि एका वाक्यात तो चुकून ‘तू’ म्हणून जातो. तसंच कथेतल्या बाई-पुरुषाचं. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, हे वाचकाला एका ओळीत दाखवा आणि तिथे कसलाही खुलासा करू नका. भाचीच्या कथेत पैसे घेऊन आलेला एजंट तिच्या नायिकेला सगळीकडे ‘मॅडम’ म्हणतो. स्टिकर बदलून झाल्यावर, रिक्षाला हात करताना म्हणतो, “येतो गं.” त्या ‘गं’ने मला दरदरून घाम फुटला. पुढची धमकी तिने लिहिली होती ती आम्ही काढून टाकली.

आणखी एक हत्यार आपल्या क्रियापदांत आहे. ‘मी परत जायला हवं होतं’ हा पश्चात्ताप झाला, त्यात उपदेश येतो. ‘मला परत जाता आलं असतं’ असं लिहिलं की दार उघडं होतं एवढंच कळतं. नॉयरचा सगळा जीव या दुसऱ्या रूपात आहे. मात्र जपून वापरा. एका कथेत दोनदा, फार तर तीनदा.

भाचीचं पहिलं वाक्य होतं: ‘ती काळीकुट्ट, गूढ रात्र होती आणि शहरावर भयाण शांतता पसरली होती.’ काळीकुट्ट, गूढ, भयाण. हे शब्द वाचकाला घाबरायची सूचना देतात आणि सूचना दिल्यावर कोणी घाबरत नाही. आम्ही ते असं केलं: ‘वॉचमन खुर्ची भिंतीला टेकवून झोपला होता. मी त्याच्या पायांवरून पलीकडे गेले. त्याला उठवून घरी जाता आलं असतं.’ वाक्यं लहान ठेवा. उपमा द्यायची तर सांगणाऱ्याच्या हाताशी असलेल्या वस्तूची द्या. लॅबमधल्या मुलीला चंद्र कापसाच्या बोळ्यासारखा दिसेल, तिला तो चांदीच्या ताटासारखा दिसायचं कारण नाही.

दिवा कुठे आहे?

आता अंधाराकडे येऊ. नवीन लोक इथे सगळ्यात जास्त चुकतात. अंधार ओतून होत नाही. दिवा एका ठिकाणी ठेवला की उरलेला अंधार आपोआप होतो. प्रसंग लिहायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात लिहा: उजेड कुठून येतोय? उत्तर देता आलं नाही तर तो प्रसंग तुम्हाला अजून दिसलेला नाही.

‘डबल इन्डेम्निटी’त नेफ पहिल्यांदा त्या घरात जातो तेव्हा लख्ख दुपार आहे. लॉस एंजेलिसचं ऊन. पण दिवाणखान्यातल्या खिडक्यांना आडव्या पट्ट्यांचे पडदे आहेत आणि उन्हाच्या पट्ट्या त्याच्या अंगावर पडतात, तुरुंगाच्या गजांसारख्या. कॅमेरामन जॉन सेट्झ याने त्या खोलीच्या हवेत धातूची बारीक पूड उडवली होती, उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगताना दिसावी म्हणून. घर श्रीमंतांचं आहे पण तिथे कोणी नीट केर काढत नाही, हे एकही शब्द न बोलता आपल्याला कळतं. पुढे खुनानंतर ते दोघं भेटतात तेही किराणा मालाच्या दुकानात, डब्यांच्या रांगांमध्ये, भर उजेडात. ती काळा चष्मा लावून, दोघं एकमेकांकडे न बघता बोलतात. नॉयरला रात्र लागतेच असं मानणाऱ्याने हा प्रसंग दहा वेळा बघावा.

ही छायाप्रकाशाची रीत मुळात जर्मनीतली. हिटलर सत्तेवर आल्यावर फ्रिट्झ लांग, वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक अशी माणसं तिथून निघाली आणि हॉलिवूडला पोचली. त्यांनी ती बरोबर नेली. कमी खर्चाच्या सिनेमांना ती सोयीचीही होती, कारण जिथे उजेड पडत नाही तिथे सेट बांधावा लागत नाही.

आपल्याकडे आडव्या पट्ट्यांचे पडदे फारसे नसतात, म्हणून ते कथेत आणू नका. आपल्याकडे खिडकीचे गज आहेत. जिन्यातली सिमेंटची जाळी आहे. दुकानाचं शटर अर्धं वर केलं की गुडघ्यापर्यंतच उजेड येतो आणि माणूस नुसत्या पायांवरून ओळखावा लागतो. गॅलरीत वाळत घातलेल्या साडीआडून येणारा उजेड वाऱ्याबरोबर हलतो. रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियमचे दिवे आठवा; त्यांच्याखाली लाल साडी वाळक्या रक्तासारखी तपकिरी दिसायची. आता पांढरे एलईडी आलेत आणि त्यांची सावली कडक असते. दोन्हींत गुन्हा वेगळा दिसेल. भाचीने लॅबमधला फ्रीज वापरला. रात्री ट्यूबलाइट न लावता तिची नायिका फ्रीजचं दार उघडते, पांढरा उजेड खालून तिच्या चेहऱ्यावर येतो, दार आपल्या वजनाने मिटायला लागतं आणि ते मिटायच्या आत तिला नळी शोधायची असते. त्यात दिवा आहे, घड्याळ आहे आणि धंदाही आहे.

तुम्ही लिहिण्याऐवजी फोनवर लघुपट करत असाल तर खर्चाला घाबरू नका. खोलीतले सगळे ट्यूब बंद करा. एकच बल्ब घ्या आणि माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, एका बाजूला, हातभर अंतरावर ठेवा. दुसऱ्या बाजूला पांढरं काही ठेवू नका, नाहीतर अर्धा चेहरा परत उजळतो. बल्बपुढे वेताच्या खुर्चीची पाठ धरली तर भिंतीवर जाळी पडते. फोनच्या पडद्यावर उजेडाच्या भागावर बोट दाबून धरा म्हणजे एक्स्पोजर लॉक होतं, मग ते थोडं खाली ओढा. नाहीतर फोन आपल्या शहाणपणाने सगळं उजळून टाकतो. ‘कागज़ के फूल’ मध्ये (१९५९) व्ही. के. मूर्तींनी स्टुडिओतला तो प्रसिद्ध उजेडाचा झोत बाहेरचं ऊन आरशांवरून आत आणून मिळवला होता. आरसा तुमच्याही घरात असेल. त्याच मंडळींनी मुंबईत नॉयरचा सूर आधीच लावला होता: गुरुदत्तचा ‘बाज़ी’ १९५१ चा, राज खोसलांचा ‘सी.आय.डी.’ १९५६ चा. जुगाराचे अड्डे, क्लबमधलं गाणं, गल्लीच्या तोंडाशी एकच दिवा. त्यांचे शेवट मात्र गोड होते.

बाईला तिचा हिशेब द्या

नॉयरमधली बाई म्हणजे पुरुषाला गळाला लावणारी सुंदरी, असा समज आहे. फिलिस डीट्रिक्सन जिना उतरताना कॅमेरा तिच्या पायातल्या साखळीवर असतो, हे खरं. पण कॅमेरा तिथे आहे कारण नेफची नजर तिथे आहे. सगळी गोष्ट तो सांगतोय आणि दोष कोणाला द्यायचा हे त्याने ठरवलेलं आहे. लिहिताना हे विसरलात तर तुम्हीही त्याच्याबरोबर तिला दोष देत बसाल.

१९४७ मध्ये डोरोथी ह्यूज या लेखिकेने ‘इन अ लोनली प्लेस’ कादंबरीत हे उलटून दाखवलं. सगळी कादंबरी खुनी पुरुषाच्या डोक्यातून सांगितली आहे, आणि त्याच्या आसपासच्या दोन बायका त्याला ओळखतात. तो त्यांना वाचू शकत नाही, त्या त्याला वाचतात. सिनेमा १९५० मध्ये आला आणि त्यात कथा पुष्कळ बदलली. कादंबरी आधी वाचा.

माझ्या टेबलासमोर वर्षानुवर्षं बायका फाईल घेऊन बसायच्या. नॉमिनी म्हणून त्यांचं नाव असायचं, पण बोलायचा दीर नाहीतर भाऊ. पॉलिसी किती रकमेची आहे हे त्यांच्यातल्या कितीतरी जणींना नवरा गेल्यावर कळायचं. त्यातली एखादी आधी विचारायला आली असती तर लोकांनी तिच्याकडे कसं पाहिलं असतं? तुमच्या कथेतल्या बाईला पैसे हवे असतील तर किती हवेत, कशासाठी हवेत आणि तिने आधी कोणाकडे मागून पाहिले, एवढं तरी तुम्हाला ठाऊक हवं. ते कथेत लिहा अथवा लिहू नका.

ओळखणारा माणूस

आता माझ्या सगळ्यात आवडत्या माणसाकडे येते. बार्टन कीज. एडवर्ड जी. रॉबिन्सनने तो असा केलाय की मला आमच्या ऑफिसातल्या तिघाचौघांचे चेहरे दिसतात. क्लेम खोटा असला की त्याच्या पोटात कोणीतरी ढवळतं. कंपनीचा प्रमुख म्हणतो ही आत्महत्या असणार. कीज त्याला आत्महत्येचे तक्ते तोंडपाठ म्हणून दाखवतो, वयाप्रमाणे, धंद्याप्रमाणे, विषाच्या प्रकाराप्रमाणे, आणि सांगतो की ताशी पंधरा मैलांच्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारून जीव देणारा त्यात एकही नाही.

पण लेखकाने शिकायचं ते त्याच्या पुढच्या प्रसंगातून. खून होण्याआधी नवऱ्याचा पाय मोडलेला होता. कीज रात्री नेफच्या घरी येतो आणि म्हणतो: या माणसाने अपघाताचा विमा उतरवला होता, त्याचा पाय मोडला, आणि त्याने क्लेम केला नाही. का? कदाचित आपला विमा आहे हेच त्याला माहीत नसेल. झालं, सगळं उकललं. सत्य त्याच्या जिभेवर आलं. आणि पुढच्याच श्वासात तो ते टाकून देतो, कारण पॉलिसी तर वॉल्टर, तूच त्याच्या हातात दिलीस ना? नेफवरच्या विश्वासापोटी त्याचा हिशेब चुकतो. हा तर्क कोणत्याही क्लेम्सच्या माणसाला पटेल. मीही फाईलमध्ये आधी हेच शोधायचे, मागायला हवं होतं आणि मागितलं नाही असं काय आहे.

तुमच्या तपास करणाऱ्याला हुशार करा. त्याला मूर्ख ठेवून गुन्हेगाराला वाचवू नका. त्याला सत्यापर्यंत नेऊन उभं करा आणि मग प्रेमाने, ओळखीने किंवा थकव्याने त्याला दोन पावलं मागे येऊ द्या. भाचीच्या कथेत लॅबची मोठी डॉक्टरीणबाई रिपोर्ट हातात घेऊन म्हणते, “हा माणूस गेल्या वर्षी आला होता, तेव्हा शुगर केवढी होती याची.” मग कागद खाली ठेवते. “नळी तू लावलीस ना? मग ठीक आहे.”

नशिबाचं काय, असं भाचीने विचारलं. योगायोग चालतो, पण तो माणसाला अडकवायला चालतो, सोडवायला नाही. प्रेत रुळावर टाकून झाल्यावर ते दोघं गाडीत बसतात आणि गाडी सुरूच होत नाही. एवढंच. बटण दाबलं जातं, इंजिन घरघरतं आणि बंद पडतं. आपण श्वास रोखून धरतो, गाडी सुरू व्हावी म्हणून. खुन्यांची गाडी! प्रेक्षक कोणाच्या बाजूला गेलाय हे त्याचं त्याला तिथे कळतं. आणि मोबाइल, सीसीटीव्ही, यूपीआय आल्यामुळे आता असं लिहिता येत नाही, हे मला पटत नाही. आता तर प्रत्येक गोष्टीवर वेळेचा शिक्का बसतो. माझ्या फाईलमधला तो भाऊ एका वेळेवर अडकला. आज त्याच्यापुढे असे दहा शिक्के असते आणि तरी त्याने प्रयत्न केलाच असता.

कुठे थांबायचं

वाइल्डरने नेफला गॅस चेंबरमध्ये मृत्युदंड होतो असा शेवट चित्रित केला होता, बराच खर्च करून. मग तो काढून टाकला. आता सिनेमा ऑफिसच्या दारात संपतो. आख्ख्या सिनेमाभर कीजकडे काडेपेटी नसते आणि त्याची सिगार दर वेळी नेफ पेटवतो, अंगठ्याच्या नखावर काडी ओढून. शेवटी नेफ दारात कोसळलाय, त्याला सिगारेट ओढायची आहे, हात उठत नाही. काडी कीज ओढतो.

कथा संपवायची तर अशी वस्तू शोधा. ती पहिल्यापासून कथेत असली पाहिजे, कोणाच्या तरी खिशात, आणि शेवटी तिने हात बदलला पाहिजे. भाषण करू देऊ नका, शिक्षा दाखवू नका. भाचीने शेवटाचं तिसरं टिपण परवा पाठवलं. त्यात नायिका घरी येऊन पोळ्या लाटते आणि पिठाच्या बोटाला चिकटलेलं स्टिकर तिला दिसतं. अजून एकदा लिही म्हटलंय; स्टिकर तिच्याऐवजी तिच्या मुलाला सापडायला हवं.

त्या भावाला मी ऑफिसात बोलावलं होतं. दाखला पुढे ठेवला, पावती पुढे ठेवली. त्याने दोन्हींकडे पाहिलं. नाकारलं नाही, रडलाही नाही. सही माझीच, म्हणाला, रेघही माझीच. मी विचारलं, तुम्ही हिशेब लिहिता, शाई वेगळी दिसेल हे तुम्हाला कळलं नाही?

“कळलं होतं, मॅडम,” तो म्हणाला. “पण पेन दादाचं होतं. हॉस्पिटलने त्याचा शर्ट दिला, त्याच्या खिशात होतं.”

त्याने ते खिशातून काढून दाखल्याशेजारी ठेवलं. क्लेम नामंजूर झाल्याच्या कागदावर मी सही केली ती माझ्या पेनने. मग दादाचं पेन उचलून त्याच्या हातात दिलं.